किमान शिल्लक नसल्याचा दंड आणि उणे झालेले खाते: ही रक्कम परत मागता येईल का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझी धाकटी बहीण पुण्यातील एका कंपनीत नोकरीला होती आणि तिचे पगाराचे खाते एका खाजगी बँकेच्या तेथील शाखेत होते. लग्नानंतर 2023च्या सुरुवातीला तिने नोकरी सोडली आणि ती वाळवा तालुक्यात सासरी आली. खात्यात त्या वेळी 4,900 रुपये शिल्लक होते. पगार जमा होणे थांबल्यावर काही महिन्यांनी बँकेने ते खाते साधे बचत खाते केले आणि त्याला दरमहा सरासरी 10,000 रुपये शिल्लक ठेवण्याची अट लागू झाली. हा बदल आपल्याला कोणत्याही मार्गाने कळवला गेला नाही, असे बहिणीचे म्हणणे आहे.

सप्टेंबर 2023पासून या जूनपर्यंत, म्हणजे जून 2025पर्यंत, दर महिन्याला 500 रुपये दंड आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 590 रुपये खात्याला नावे पडत गेले. आधी मूळचे पैसे संपले आणि मग खाते उणे होऊ लागले. ऑगस्ट 2024मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पहिल्या दोन महिन्यांचे 3,000 रुपये याच खात्यात आले, कारण आधार क्रमांक या खात्याला जोडलेला होता. त्या दिवशी खाते उणे 2,180 रुपये होते. बहीण पैसे काढायला एटीएमवर गेली, तेव्हा तिला फक्त 820 रुपये दिसले. तिने लगेच आधारजोडणी दुसऱ्या खात्याकडे वळवली आणि तालुक्याच्या गावातील शाखेत तोंडी विचारणा केली. ‘पुण्याच्या शाखेत जा’ एवढेच उत्तर तिला मिळाले. पुढच्या दोन महिन्यांत ते 820 रुपयेही गेले. आता खाते उणे 5,080 रुपये दाखवते.

शाखा व्यवस्थापकांचे म्हणणे असे आहे की दंड संगणकप्रणाली आपोआप लावते, तो शाखेच्या हातात नाही, आणि खाते बंद करायचे असेल तर आधी उणे रक्कम भरावी लागेल. ती न भरल्यास सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या पतनोंदीवर, परिणाम होईल, असेही त्यांनी सुचवले. बहिणीला स्वतःचे उत्पन्न नाही, आणि जे पैसे हातात येतील म्हणून ती वाट पाहत होती तेच असे गेले, याचे तिला फार वाईट वाटले आहे. हा दंड नियमाला धरून आहे का आणि नसल्यास तो परत कसा मागावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त शाखाधिकारी यांचे उत्तर

आपण रकमा आणि महिने नीट दिले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते.

या विषयावर रिझर्व्ह बँकेचे 20 नोव्हेंबर 2014चे परिपत्रक आहे आणि ते 1 एप्रिल 2015पासून लागू झाले. त्यातील तीन गोष्टी आपल्या बहिणीच्या कामाच्या आहेत. किमान शिल्लक राहिली नाही, तर बँकेने ग्राहकाला एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने तसे स्पष्ट कळवले पाहिजे आणि सूचनेच्या तारखेपासून एक महिन्यात शिल्लक पूर्ववत झाली नाही तर दंड लागेल, हेही सांगितले पाहिजे. दंडाची आकारणी जेवढी तूट असेल त्या प्रमाणात, तुटीच्या ठरावीक टक्केवारीने असली पाहिजे. आणि तिसरी गोष्ट, जी आपल्या प्रकरणात सरळसरळ मोडलेली दिसते: केवळ किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये, याची खबरदारी बँकेने घ्यायची आहे.

म्हणजेच खात्यात शून्य रुपये झाले की हा दंड तेथेच थांबायला हवा होता. उणे शिल्लक दाखवायची आणि नंतर कोणतीही रक्कम जमा झाली की त्यातून ती वळती करून घ्यायची, याला आधार नाही. व्यवस्थापक ‘प्रणाली आपोआप लावते’ असे म्हणतात ते वस्तुस्थिती म्हणून खरे असेल, पण ती प्रणाली बँकेचीच आहे आणि ती नियमानुसार चालवण्याची जबाबदारीही बँकेचीच आहे. मी नोकरीत असताना अशा आकारण्या उलट फिरवण्याचे अधिकार शाखेला मर्यादित प्रमाणात आणि विभागीय कार्यालयाला त्याहून अधिक असत. त्यामुळे ‘शाखेच्या हातात नाही’ हे ऐकून थांबू नये. ते ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे अर्ज पुढे पाठवा, असे लेखी सांगावे.

सिबिलच्या धाकाने घाबरू नये. आपल्या बहिणीने कर्ज घेतलेले नाही, ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त पैसे काढण्याची, सुविधाही मागितलेली नाही. जी उणे रक्कम बँकेने स्वतःच्या दंडातून निर्माण केली आहे, ती कोणत्या नियमाने थकीत कर्ज ठरते, हे व्यवस्थापकांना लेखी विचारावे.

मला दोन गोष्टी कळाल्या तर पुढचे सांगता येईल. बँकेकडे नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल पत्ता कोणता होता? आणि बहिणीने स्वतः केलेला शेवटचा व्यवहार कधीचा आहे? दुसरा प्रश्न यासाठी की खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय धरले जाते, आणि रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2024च्या परिपत्रकानुसार, जे त्या वर्षी 1 एप्रिलपासून लागू आहे, अशा खात्याला किमान शिल्लक नसल्याचा दंड लावता येत नाही. ते खाते पुन्हा चालू करण्यासाठीही शुल्क घेता येत नाही.

कृष्णाकाठ

मनापासून आभार. नोंदवलेला मोबाइल क्रमांक कंपनीने दिलेल्या सिमचा होता आणि नोकरी सोडताना ते सिम परत करावे लागले. ई-मेल मात्र तिचा स्वतःचा आहे, तो आजही चालू आहे. त्यात शोध घेतला, तर बँकेच्या जाहिराती आणि दरमहाचे स्टेटमेंट आलेले दिसते. शिल्लक कमी असल्याची किंवा खात्याचा प्रकार बदलल्याची सूचना मात्र त्यात नाही. शेवटची रक्कम तिने एप्रिल 2023मध्ये काढली होती. त्यानंतर खात्यात जमा झाले ते फक्त योजनेचे पैसे.

हिशेबनीस

वरील उत्तर योग्य आहे, पण त्यात एक कच्चा दुवा राहतो. बँकेचा अधिकारी तोच नेमका पकडेल, म्हणून आधीच सांगतो.

एकूण आकारणी 22 महिन्यांची, म्हणजे 12,980 रुपये आहे. यातले 7,900 रुपये प्रत्यक्षात बहिणीच्या खात्यातून गेले आणि 5,080 रुपये उणे म्हणून उभे आहेत. खाते उणे होता कामा नये, या एकाच नियमावर आपण बोट ठेवले, तर बँक 5,080 रुपये मुकाट्याने माफ करील आणि पुढे म्हणेल की ऑगस्ट 2024मध्ये खाते शून्यावर धरले, तरी 3,000 रुपये जमा झाल्यावर पुढच्या महिन्यांचा दंड त्यातून गेलाच असता. मग परत काय द्यायचे? हिशेबाने पाहिले तर सप्टेंबरपासून पुढच्या सहा महिन्यांत ते 3,000 रुपये खरोखरच संपले असते. याचा अर्थ शून्याची अट तुम्हाला उणे रकमेपासून वाचवते, पण ती खिशातून गेलेले पैसे परत मिळवून देईलच असे नाही. ते मिळवून देणारी अट सूचनेची आहे. सूचनाच दिली नसेल, तर दंडाचा अधिकार पहिल्या महिन्यापासूनच उत्पन्न होत नाही आणि मग मागणी सगळ्या 7,900 रुपयांची होते.

म्हणून तक्रारीचा मुख्य भर सूचनेवर हवा. प्रत्येक आकारणीच्या आधी कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकावर किंवा पत्त्यावर, कोणत्या शब्दांत सूचना दिली, याची नोंद बँकेने दाखवावी, अशी मागणी करावी. बँक कदाचित जुन्या सिमवर एसएमएस पाठवल्याची नोंद दाखवील आणि क्रमांक बदलल्याचे कळवणे हे ग्राहकाचे काम होते, असे म्हणेल. हा मुद्दा अगदी पोकळ नाही, हे मान्य करायला हवे. पण चालू ई-मेल पत्ता बँकेकडे होता, त्यावर जाहिराती आणि स्टेटमेंट नियमित जात होते आणि नेमकी दंडाची सूचना तेवढी गेली नाही, हे त्याला दिलेले चांगले उत्तर आहे. शिवाय पगाराचे खाते साधे बचत खाते करताना किमान शिल्लक नव्याने लागू झाली. किमान शिल्लक किंवा तिच्यावरील शुल्क बदलायचे असेल, तर ते खातेदाराला किमान एक महिना आधी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. ही सूचना कधी दिली, हेही विचारावे.

योजनेच्या पैशांबद्दल वेगळा मुद्दाही आहे. बहीण ती रक्कम काढण्यासाठीच एटीएमवर गेली होती. खाते नियमबाह्य रीतीने उणे केलेले नसते तर तिला त्याच दिवशी 3,000 रुपये मिळाले असते आणि पुढच्या महिन्यांत दंड लावायला खात्यात काही उरलेच नसते. त्या दिवशीच्या एटीएम व्यवहाराची किंवा शिल्लक पाहिल्याची नोंद बँकेकडे असेल, ती मागून घ्यावी. निदान 3,000 रुपयांची मागणी या एका गोष्टीवर स्वतंत्रपणे उभी राहते.

सोलापूर ग्राहक

हिशेबनीस यांनी मांडलेला मुद्दा फार मोलाचा आहे आणि तक्रार त्याच क्रमाने लिहावी. मी स्वतः एका बँकेशी एटीएमच्या प्रकरणात पत्रव्यवहार केला आहे. खात्यातून रक्कम गेली होती, पण यंत्रातून नोटा आल्या नव्हत्या. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी आणि त्यापुढे प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई ग्राहकाने न मागता द्यायला हवी. मला रक्कम उशिराने मिळाली आणि भरपाई मिळालीच नाही. शाखेत बोलून काही झाले नाही. परिपत्रकाची तारीख आणि दिवसांचा हिशेब लिहून अर्ज दिला, तेव्हा भरपाई जमा झाली. त्यामुळे कागदावर लिहिण्याचे महत्त्व मला मनापासून पटले आहे.

आपल्या बहिणीसाठी अर्जाचा मजकूर साधारण असा असावा:

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस, माझे वरील क्रमांकाचे खाते मूलतः पगाराचे खाते होते. सप्टेंबर 2023 ते जून 2025 या काळात किमान सरासरी शिल्लक नसल्याच्या कारणाने त्यावर जीएसटीसह एकूण 12,980 रुपये आकारण्यात आले. खात्याचा प्रकार बदलल्याची, तसेच शिल्लक कमी असल्याची व ती पूर्ववत करण्यासाठी एक महिन्याची मुदत असल्याची कोणतीही सूचना मला मिळालेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या दिनांक 20 नोव्हेंबर 2014च्या परिपत्रकानुसार अशी सूचना दिल्याशिवाय दंड आकारता येत नाही आणि केवळ या दंडामुळे खाते उणे करता येत नाही. तरी प्रत्येक सूचनेची तारीख, माध्यम व मजकूर यांची प्रत मला द्यावी. ती उपलब्ध नसल्यास माझ्या खात्यातून वळते केलेले 7,900 रुपये परत जमा करावेत व उणे दाखवलेली 5,080 रुपयांची रक्कम रद्द करावी. आकारलेला जीएसटीही या रकमांत समाविष्ट आहे. हा अर्ज तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा.’

अर्जावर राग व्यक्त करणारे एकही वाक्य नको आणि बहिणीच्या परिस्थितीचे वर्णनही एका ओळीपेक्षा जास्त नको. ती परिस्थिती खरी आहे आणि ऐकून कोणालाही वाईट वाटेल, पण निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला आकारणी उलट फिरवण्यासाठी टिपणीत कारण लिहावे लागते आणि ते कारण आपण त्याच्या हातात दिले पाहिजे. जीएसटीचा उल्लेख विसरू नये, कारण काही वेळा मूळ शुल्क परत मिळते आणि कर तसाच राहतो.

अर्ज मराठीत दिला तरी चालतो. त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. शाखेने पोच देण्यास नकार दिला, तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार कक्षाला ई-मेलने आणि टपालखात्याच्या पोचपावतीसह पाठवावा. पुण्याला जाण्याची गरज नाही. बँक एकच आहे आणि तक्रार कोणत्याही शाखेत स्वीकारली गेली पाहिजे.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. 12 नोव्हेंबर 2021पासून पूर्वीच्या तीन योजना एकत्र करून ‘एकात्मिक लोकपाल योजना’ सुरू झाली आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सीएमएस’ या तक्रार नोंदवण्याच्या संकेतस्थळावर भरता येते किंवा चंदीगड येथील केंद्राला टपालाने पाठवता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. शुल्क काहीही नाही. 2021च्या या योजनेनुसार बँकेचे उत्तर मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत ही तक्रार करावी लागते. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल ती ऐकत नाही, म्हणून त्या पोचेला जपावे. तोंडी विचारणेची नोंद कुठेच राहत नाही.

नाशिक वाचक

मी बँकांची बाजू घेत नाही, पण अपेक्षा नेमक्या असाव्यात म्हणून लिहितो. किमान शिल्लक 10,000 रुपये ठेवणे किंवा तुटीवर 500 रुपये घेणे हे आपल्याला अन्यायकारक वाटले, तरी लोकपाल त्या दराचा न्याय करत नाही. बँकेचे दर तिच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणाने ठरतात आणि असे व्यावसायिक निर्णय योजनेच्या कक्षेबाहेर आहेत. ‘दंड फार आहे’ ही तक्रार फेटाळली जाईल. ‘दंड ठरलेल्या रीतीने लावलेला नाही’ ही तक्रार टिकेल.

दर योग्य आहेत का, हा प्रश्न लोकप्रतिनिधींपुढे मांडण्याचा आहे आणि तो मांडला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. संसदेत जुलै 2024मध्ये दिलेल्या माहितीनुसार सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी आधीच्या पाच वर्षांत किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे 8,500 कोटी रुपये वसूल केले. ज्यांच्या खात्यात पैसे कमी आहेत त्यांच्याकडूनच ही रक्कम आली आहे, कारण या दंडाची रचनाच तशी आहे. स्टेट बँकेने मार्च 2020मध्ये बचत खात्यांची ही अट काढून टाकली आणि 2025मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही दंड बंद केला. त्यामुळे बहिणीच्या पुढच्या व्यवहारांसाठी अशा बँकेत खाते काढावे, किंवा कोणत्याही बँकेत ‘मूलभूत बचत ठेव खाते’ मागावे. त्याला किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड विनाशुल्क मिळते आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढण्याची सोय असते. एका बँकेत असे एकच खाते ठेवता येते आणि त्याच बँकेत दुसरे बचत खाते असल्यास ते बंद करावे लागते.

ज्यांना किमान शिल्लक असलेलेच खाते ठेवायचे आहे, त्यांनी ‘सरासरी’ हा शब्द नीट समजून घ्यावा. महिन्यातील प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक एकत्र करून दिवसांनी भागली की सरासरी निघते. 30 दिवसांच्या महिन्यात खात्यात एरवी शून्य असले आणि फक्त दहा दिवस 30,000 रुपये राहिले, तरी 10,000 रुपयांची सरासरी पूर्ण होते. उलट महिन्याच्या शेवटच्या दिवशी 10,000 रुपये भरून काहीच साधत नाही. दंड लागला असेल, तर ही बेरीज स्वतः करून पाहावी.

ठेवीदार, कोपरगाव

याच धाग्यात विचारतो. आमच्या गावातील पतसंस्थेने कर्ज मुदतीआधी फेडताना माझ्याकडून दोन टक्के आकार घेतला. त्यासाठीही लोकपालाकडे जाता येईल का?

निवृत्त शाखाधिकारी

पतसंस्था ही बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली असते, त्यामुळे आपली तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा उपनिबंधक कार्यालयाकडे जाईल. संस्थेचे उपविधी आणि आपला कर्जरोखा यांत हा आकार लिहिलेला आहे का, हे आधी पाहावे.

बँका आणि वित्तसंस्थांच्या बाबतीत मात्र नियम स्पष्ट आहे. व्यक्तीने व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी बदलत्या व्याजदराचे मुदत कर्ज घेतले असेल, तर ते मुदतीआधी फेडण्यावर शुल्क घेता येत नाही. गृहकर्जांसाठी हे 2012पासून आणि व्यक्तींच्या इतर कर्जांसाठी 2014पासून आहे. स्थिर व्याजदराच्या कर्जाला हे संरक्षण नाही, म्हणून मंजुरीपत्रात दराचा प्रकार वाचावा. कर्ज फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत मिळाली पाहिजेत, नाहीतर बँकेच्या चुकीने झालेल्या उशिरासाठी दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. हा नियम 1 डिसेंबर 2023पासून लागू आहे.

मूळ प्रश्नाबाबत एक भर घालतो. शेवटची रक्कम एप्रिल 2023मध्ये काढली, असे आपण सांगितलेत. योजनेची जमा रक्कम खातेदाराचा व्यवहार मानायची का, यावर बँक वाद घालील. तरीही एप्रिल 2025पासूनच्या आकारण्यांविरुद्ध निष्क्रिय खात्याचा मुद्दा पर्यायी म्हणून अर्जात घ्यावा. मुख्य मुद्दा मात्र सूचनेचाच ठेवावा.

कृष्णाकाठ

सर्वांचा ऋणी आहे. अर्ज वरील मजकुराप्रमाणे तयार करून बहिणीने सहीनिशी दिला आणि पोच घेतली. त्यानंतर व्यवस्थापकांनी तिला बोलावून सांगितले की बँक ‘सद्भावना म्हणून’ उणे रक्कम पूर्ण माफ करून 3,000 रुपये परत जमा करील, मात्र आपली कोणतीही तक्रार शिल्लक नाही आणि पूर्ण समाधान झाले आहे, असे तिने लिहून द्यावे. सूचना दिल्याची नोंद मात्र त्यांनी अजून दाखवलेली नाही. हे पैसे घ्यावेत की पुढे जावे, याबद्दल घरात दोन मते आहेत.

हिशेबनीस

नोंद दाखवलेली नाही, ही गोष्ट माझ्या मते बरेच काही सांगते. सूचना खरोखर गेलेली असती, तर तिची प्रत काढायला वेळ लागला नसता.

पूर्ण समाधानाचे पत्र दिले, तर उरलेल्या 4,900 रुपयांवरचा हक्क सुटतो, कारण तडजोडीने मिटलेली तक्रार लोकपाल पुन्हा उघडत नाही. म्हणून तिने असे लिहून द्यावे की 3,000 रुपये आणि उणे रकमेची माफी ‘तक्रारीच्या अंशतः निवारणापोटी’ स्वीकारत आहे आणि 4,900 रुपयांची मागणी कायम आहे. बँकेने हे मान्य केले नाही, तर पैसे न घेता 30 दिवस पूर्ण होऊ द्यावेत. तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळायची असेल, तर ती बँकेला स्वतःच्या अंतर्गत लोकपालापुढे, म्हणजे अशा तक्रारी पुन्हा तपासण्यासाठी बँकेनेच नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे, ठेवावी लागते. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या बँकांना ही पद्धत बंधनकारक आहे. तेथे सूचनेची नोंद नसलेले प्रकरण टिकवणे शाखेला जड जाईल.

निवृत्त शाखाधिकारी

सहमत आहे, पण निर्णय बहिणीचा असावा. तिला आज हातात येणारे 3,000 रुपये महत्त्वाचे वाटत असतील आणि हे प्रकरण मनातून काढून टाकायचे असेल, तर तेही पूर्णपणे योग्य आहे आणि त्यासाठी घरातल्या कोणी तिला बोल लावू नये. पुढे जायचे ठरवले, तर मुदतीची चिंता नाही, कारण पहिली आकारणी सप्टेंबर 2023ची आहे आणि लेखी तक्रार तीन वर्षांच्या आत झालेली आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण तेथे दोन वर्षांची मर्यादा असल्याने सुरुवातीच्या महिन्यांबाबत ती आता जवळ आली आहे, आणि तेथे प्रकरण दाखल केले की लोकपाल तेच प्रकरण ऐकणार नाही. एवढ्या रकमेसाठी मी लोकपालाचाच मार्ग सुचवीन.

दोन्हींपैकी काहीही ठरले, तरी खाते बंद करण्याचा वेगळा अर्ज आजच्या तारखेने द्यावा आणि त्याचीही पोच घ्यावी. त्यात ‘उणे रक्कम मला मान्य नाही, तिच्याविषयी तक्रार प्रलंबित आहे’ असे नमूद करावे. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला प्रणाली पुन्हा 590 रुपये नावे टाकील, तेव्हा खाते बंद करण्याची मागणी त्याआधीच केलेली होती, हे त्या पोचेवरून दाखवता येईल. बंद करण्यापूर्वी संपूर्ण काळाचे शिक्क्यासह स्टेटमेंट मात्र घेऊन ठेवावे, कारण खाते बंद झाल्यावर ते मोबाइलवर दिसणार नाही आणि लोकपालाला जोडायला तेच लागेल.